एका हाकेत

१

आमच्या ह्यांनी लग्नाच्या इतक्या वर्षांत माझ्या पहिल्या हाकेला कधी ओ दिली नाही. हे मी तक्रार म्हणून सांगते आहे. लोकांना ते कौतुक वाटतं, म्हणून आधीच स्पष्ट केलेलं बरं.

सकाळचा चहा घ्या. मी चहा गाळते, कप ओट्यावर ठेवते आणि हाक मारते, "अहो!" उत्तर नाही. कपावर बशी झाकते. "अहो, चहा!" उत्तर नाही. पुढच्या हाकेला माझा आवाज असा चढतो की खालच्या मजल्यावरचे लोक दचकून आपापला चहा संपवत असावेत. मग गॅलरीतून सावकाश येतं, "ओऽ... आलो, आलो." आणि तरी माणूस येत नाहीच. आधी खाकरणं, मग सपाता शोधणं, मग एक सपात सापडली की दुसरीसाठी पलंगाखाली झाडू घालणं. येऊन बसेपर्यंत चहावर साय धरलेली असते आणि वर मलाच विचारणार, "गार का दिलास?"

कान तपासून झाले. खडकीला कारखान्यात आयुष्य काढलं, तेव्हा मला वाटलं यंत्रांच्या आवाजात गेले असतील. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. म्हणजे प्रश्न कानाचा नव्हता. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मी त्यांना धारेवर धरलं. तर म्हणाले, "ललिता, तू हाक मारतेस तेव्हा मी कुठेतरी असतो. तिथून यायला वेळ लागतो की नाही?"

कुठेतरी असतो म्हणे! विश्रांतवाडीतलं दोन खोल्यांचं घर आमचं. त्यात कुठेतरी म्हणजे कुठे असणार हा माणूस?

त्यांचं नाव मी घेत नाही. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. तिकडे माझ्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत आणि पुण्यात येऊनही माझी जीभ काही वळली नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही सासूबाई दार अडवून उभ्या राहिल्या म्हणून. आमची मुलगी नम्रता यावरून मला चिडवते. "आई, 'अहो' हे काय नाव आहे का? भर रस्त्यात अहो म्हणालीस तर दहा माणसं वळून बघतील."

"बघू देत," मी म्हणायचे. "येणारा एकच आहे."

२

दिवाळीच्या सुट्टीत नम्रता, जावई शुभंकर आणि नात अपेक्षा बंगळुरूहून आले होते. जावयांना एक दिवस घरात स्वस्थ बसवत नाही. त्यांनी मोठी गाडी ठरवली आणि सगळ्यांनी मिळून पुणे बघायचं असं जाहीर केलं. मी म्हटलं, पुणे आम्ही रोज बघतो, तुम्ही बघून या. पण ऐकतंय कोण? मिसळ झाली, देवदर्शन झालं, आणि मग अपेक्षाला डायनासोर हवा झाला.

"आता पुण्यात डायनासोर कुठून आणायचा?" मी विचारलं.

शुभंकरने फोनमध्ये डोकं घातलं. "आई, कर्वेनगरला एक छोटं फॉसिल म्युझियम दाखवतंय. प्रायव्हेट आहे. रिव्ह्यूज फारसे नाहीत, पण छान वाटतंय."

आमचे हे एकदम ताठ बसले. लहानपणी वर्धा नदीच्या काठी दगड झालेल्या लाकडाचे तुकडे गोळा करायचे म्हणे. ते तुकडे आमच्या शोकेसमध्ये अजून धूळ खात पडलेत आणि मी पुसते. "चला, चला," ते म्हणाले. चहाला बोलावलं तर हलत नाहीत, दगड म्हटल्यावर गाडीत सगळ्यांच्या आधी!

कर्वेनगरात सोसायट्यांच्या मागच्या गल्लीत तो जुना बंगला होता. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ ऊन खात बसले होते. आम्ही पाच माणसं त्यांच्यासमोरून गेलो. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली नाही की पापणी. घरी पाहुणे बोलवायचे, वर तिकीट लावायचं, आणि नमस्काराला नमस्कारसुद्धा नाही! माझं तिथेच बिनसलं.

दारावर पाट्या. "चपला बाहेर काढाव्यात. हरवल्यास दुःख आपले आपण करावे." "काचेला नाक लावू नये. काच आम्हाला पुसावी लागते." आणि या सगळ्यांच्या वर, जुन्या लाकडी फळीवर ठसठशीत अक्षरांत, "आत कोणालाही हाक मारू नये."

तिकीट फाडायला एक बाई बसल्या होत्या. पद्मजाबाई. वय माझ्याएवढंच, चेहरा बंद दुकानासारखा.

"हाक मारू नये म्हणजे काय हो?" मी विचारलं. "बरोबर लहान मूल आहे. हरवलं तर?"

"चार खोल्या आहेत. शोधा."

"आणि मारली हाक तर?"

त्यांनी माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. "पाटी मराठीत आहे," त्या म्हणाल्या.

मला सांगा, याला काय म्हणायचं? बोलू नका, शिवू नका, आता हाकही मारू नका. मीही इतकी वर्षं पुण्यात राहून काही कमी तिखट झालेले नाही. ती पाटी म्हणजे नेहमीचा पुणेरी खवचटपणा असं मी धरून चालले, आणि मनातल्या मनात ठरवलं, गरज पडली तर मी हाक मारणार. चांगली खणखणीत मारणार.

३

आत एका खोलीतून दुसरी खोली, दुसरीतून तिसरी. डांबरगोळ्यांचा वास आणि पायाला गार लागणारी फरशी. डायनासोर नव्हताच. शिंपले, पानांचे ठसे, एका माशाचा काटा आणि दगडाची लाकडं. अपेक्षाने दुसऱ्याच खोलीत जांभई दिली. आमचे हे मात्र काचेला नाक लावून.

"हे लाकूड दिसतं ना, लाकूड नाही बरं का," ते नातीला सांगत होते. "लाकूड कणाकणाने निघून गेलं. जेवढं गेलं तेवढ्या जागेत दगड येऊन बसला. रेषासुद्धा त्याच."

"म्हणजे वस्तू नाहीच," मी म्हटलं, "आणि ती नाही हे आपण तिकीट काढून बघायचं."

ते हसले. माझ्या बोलण्याला हसणारं ते एकच माणूस आहे.

सगळ्यात मागच्या खोलीत माणसापेक्षा उंच काळा दगड उभा होता. आधी तो, मग त्याच्याभोवती भिंती, अशीच ती खोली बांधली असणार, कारण दारातून तो यायचा नाही. त्याच्या पोटात उभी पोकळी होती. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, "झाडाचा साचा. तप्त रस झाडाभोवती गोठला. झाड जळून गेले. जागा राहिली." पोकळी फार खोल नव्हती. शुभंकरने हात घातला तर कोपर आत जायच्या आधीच बोटं मागच्या दगडाला लागली.

नम्रताला उशीर होत होता, नातीला भूक लागली होती. आम्ही बाहेर निघालो. हे मागेच रेंगाळले. पोकळीत डोकं घालून म्हणाले, "ललिता, इकडे ये. आत किती गार आहे बघ."

"मला नाही बघायचं," मी म्हटलं आणि निघाले.

सगळे गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. ह्यांचा पत्ता नाही. मी तणतणत परत आत शिरले, पहिल्या खोलीत उभी राहिले. पद्मजाबाई खुर्चीतून उठत काहीतरी म्हणाल्या, पण ती फळीवरची पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि माझा पारा चढलेला होता. मी पोटातून हाक मारली, "अहो!"

"ओ."

लगेच. माझी हाक पुरती संपायच्या आधी, मागच्या खोलीतून. आवाज त्यांचाच. खाकरणं नाही, "आलो, आलो" नाही. जिना संपला तरी पाय आणखी एक पायरी शोधतो ना, तसं मला झालं. दुसरी हाक घशात तयार होती, तिचं काय करायचं कळेना.

हे खोल्यांमधून चालत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

पद्मजाबाई माझ्याकडे बघत होत्या. आता पहिल्यांदाच नीट बघत होत्या. "नाव घेतलंत का त्यांचं?" त्यांनी विचारलं.

"काय संबंध? आम्ही नाव घेत नाही."

"पहिल्याच हाकेला आले?"

"आले. नवरा आहे तो माझा. तुमची पाटी काढून ठेवा, लोकांचे नवरे हरवतील इथे."

पद्मजाबाई वळल्या. आत गेल्या आणि मागच्या खोलीचा दिवा त्यांनी बंद केला.

बाहेर चपला घालताना हे नुसते उभे राहिले. मी माझ्या घातल्या. मग उरलेल्या जोडाकडे बघून त्यांनी त्यात पाय सरकवले.

४

त्या दिवसापासून आमच्या घरात चहा गरम प्यायला जाऊ लागला.

"अहो!" "ओ." कप भरलेला नाही तोवर माणूस ओट्याशी हजर. सपाता शोधणं बंद. पहिल्या सकाळी मी मनाशी म्हटलं, चला, मुलीजावयांसमोर लाज वाटत असेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कान मोकळे झाले असतील, हवापालट झाला ना. माणूस स्वतःला काय काय समजावतो! पण रोज हाक मारायच्या आधी मी उगाच कप दोनदा पुसायला लागले.

"अहो, भाजी आवडली का?"

"आवडली."

दोडक्याची भाजी होती. दोडका दिसला की आमचे हे ताट असं पुढे सरकवतात की जणू मी विष वाढलंय. त्यावरून आमची भांडणं होतात, चांगली अर्धा तास चालणारी. मी बाह्या सरसावून बसले होते. "आवडली," म्हणून ताट स्वच्छ.

"औषध घेतलं का?" "घेतलं." "झोप झाली?" "झाली." मराठीत तसंच उत्तर देतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. माझाच शेवटचा शब्द मला परत मिळत होता.

आणि हात. दुपारभर गॅलरीतल्या उन्हात बसायचे आणि दिवेलागणीला मी हात धरून आत आणायची, तर हात ऊबदार. नंतर जेवताना लागला तरी तितकाच ऊबदार. दिवसभर तापलेली भिंत रात्री लागते तसा. रात्री पलंगावर त्यांची बाजू खाली दबायची आणि मी घरंगळून तिकडे जायची. मी पलंगाची कड धरून झोपायला लागले.

नम्रताला बोलले. तिने काय म्हणावं? "आई, जन्मभर बाबा ओ देत नाहीत म्हणून ओरडलीस. आता देतात, तर तेही तुला चालत नाही!"

"बाबा किती कूल झालेत," जावई म्हणाले. "आय थिंक रिटायरमेंट फायनली सूट झाली त्यांना."

सूट झाली म्हणे! माझ्या अंगाची लाही झाली. माझा भांडखोर, आळशी, दोडका न खाणारा माणूस कोणालाच नको होता. त्याच्या जागी हा गुळगुळीत मिळाला म्हणून सगळे खूश. मला कोणी विचारलंच नाही, की बाई, तुला कोणता हवा?

५

आमच्याच सोसायटीत बाबुराव राहतात. खडकीला एकाच पाळीवर होते दोघं. ते आले, गॅलरीत गेले आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय बद्री, लेका, फिरायला येत नाहीस ते?"

काही नाही. बाबुराव समोर जाऊन उभे राहिले. "बद्री! अरे, मी बोलतोय." हे त्यांच्यातून पलीकडे बघावं तसे समोर बघत राहिले.

"वहिनी, हे काय वागणं झालं?" बाबुरावांचे डोळे भरले होते. हात चोळत होते; थाप मारलेला हात. "माझं काही चुकलं का?"

चहा न घेता ते गेले. मी गॅलरीच्या दारात उभी राहिले आणि आठवत बसले. नम्रता "बाबा, जेवायला चला" म्हणायची, तेव्हा हे उठायचे का? नाही. ती हसून म्हणायची, "आई, तूच हाक मार. तुझंच ऐकतात." अपेक्षा "आजोबा, आजोबा" करून कंटाळली होती आणि टीव्हीपुढे जाऊन बसली होती. सगळ्यांना ते गोड वाटलं होतं. म्हातारपणी बायकोच्या शब्दात राहतोय.

त्या दुपारी मी हाक मारली नाही. मुद्दाम नाही मारली. घरातली बाकीची जेवली. बोलावून झालं, हलवून झालं. हे गॅलरीत बसून राहिले. ऊन पायांवरून गेलं, गुडघ्यांवरून गेलं, भिंतीवर चढून संपलं. डास बसले, त्यांनी हाकलले नाहीत. मी आतून बघत होते आणि मला ती वेताची खुर्ची आठवली. कर्वेनगरच्या व्हरांड्यातली.

शेवटी मलाच राहवलं नाही. "अहो," मी हळूच म्हटलं.

"ओ," म्हणून तो उठला.

हो, तो. त्या क्षणापासून माझ्या मनात त्याच्यासाठी अहो-जाहो आलं नाही.

जेवताना नम्रताने जाहीर केलं, "बाबा एवढे शांत झालेत, तर आता तुम्ही दोघंही चला आमच्याबरोबर. उद्या रात्रीची तिकिटं बघते. हे घर भाड्याने देऊ." आमच्या ह्यांनी पुणे सोडायचा विषय निघाला की पान सोडून उठायचं, हे ठरलेलं. नम्रताने माझ्याकडे बघून खूण केली. मी विचारलं नाही. तिनेच माझ्या कानाशी लागून सांगितलं, "विचार ना गं." आणि माझ्या तोंडून गेलं, "अहो, जायचं का?"

"जायचं," तो म्हणाला.

टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. आणि मला एवढंच दिसत होतं की उद्या मी याच्या शेजारी बसून पुण्याबाहेर जाणार, आणि माझा माणूस मागे, चार खोल्यांच्या आत, "इकडे ये" म्हणून वाट बघत राहणार. मला नाही बघायचं, असं म्हणून मी निघून आले होते.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाबांध चालली होती. मी पर्स घेतली. एकटीच जाणार होते. दारात चप्पल घालता घालता, जन्मभराची सवय, तोंडून निघून गेलं, "अहो, मी जरा जाऊन येते."

गॅलरीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो बाहेर येऊन उभा राहिला.

"येते," तो म्हणाला.

येतो नाही. येते. माझ्या हातातली चप्पल खाली पडली. आणि तो माझ्या मागे जिना उतरला, माझ्याबरोबर रिक्षात बसला. रिक्षा त्याच्या बाजूला कलली. विश्रांतवाडीपासून कर्वेनगरपर्यंत मी बाहेर बघत राहिले आणि आतल्या आत चिडत राहिले. घाबरले असते तर परत फिरले असते. चिडले होते म्हणून पोचले.

व्हरांड्यात ते म्हातारे गृहस्थ तसेच बसलेले. मान तशीच. त्यांच्या खांद्यावर आणि वेताच्या हातावर सारखीच धूळ होती.

"काढून द्या," मी पद्मजाबाईंना म्हटलं. "माझा माणूस काढून द्या. पाटी लावता, तर पाटीवर धड लिहायला काय होतं तुम्हाला? हाक मारू नये, आणि पुढे? कारण लिहिलंत तर शाई संपेल?"

"कारण लिहिलं असतं तर तुम्ही मानलं असतं?"

नसतं मानलं. आणि त्याचाच जास्त राग आला.

त्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं. "माझे वडील," त्या म्हणाल्या. "आईही अहोच म्हणायची. ती होती तोवर उठायचे, जेवायचे, सगळं करायचे. ती गेल्यापासून त्यांना हाक मारणारं कोणी नाही."

"आणि तुमचे खरे वडील?"

"आईने नाव घेतलं नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत नाही घेतलं. मी पाया पडले तिच्या. जीभच वळत नाही म्हणाली."

त्यांनी मागच्या खोलीचा दिवा लावला आणि त्या दाराबाहेरच थांबल्या.

७

काळा दगड तसाच. पोकळी तशीच. मी हात घातला. कोपराच्या आधीच बोटं दगडाला टेकली. गार होता. खरंच किती गार होता.

तो माझ्या मागे, दारात उभा होता. हाक मारल्याशिवाय पुढे येणार नव्हता, एवढं मला कळत होतं.

मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. काय मेली सवय! सगळं जग ज्याला बद्री, बद्रीनाथ म्हणतं, त्याला म्हणायला मलाच लाज. कानाच्या पाळ्या तापल्या. सासूबाई दारात उभ्या आहेत असं वाटलं. मग मी डोळे मिटले.

"बद्रीनाथ!"

काही नाही. मागचाही हलला नाही. आत दगड.

"बद्रीनाथ!"

काही नाही. आणि मला एकदम हायसं वाटलं. हसूच आलं. नाहीच देणार. पहिल्या हाकेला देतील ते आमचे हे कसले?

"बद्रीनाथ! ऐकू येतंय का? अ— बद्रीनाथ!"

आत कोणीतरी खाकरलं.

माझी बोटं ज्या दगडाला लागत होती, त्याच्या पलीकडून. फार पलीकडून. मग फरशीवर सपात घासल्याचा आवाज. एकच सपात; अनवाणी आत गेलेल्या माणसाला ती कुठून मिळाली कोण जाणे. दुसरी शोधत असणार. आणि मग सावकाश, कंटाळलेला, माझा, "ओऽ... आलो, आलो."

मी रडत होते. रडता रडता म्हणत होते, सपात राहू द्या, अनवाणी या, घरी नवीन घेऊ. आतला अंधार जिथे दाट होता तिथे काहीतरी फिकट झालं. पोकळीच्या कडेवर चार बोटं आली. राखाडी, धूळ माखलेली. मधल्या बोटाचं नख काळं. कारखान्यात चेंगरलं होतं, तेव्हापासून काळं, दर रविवारी तेच आधी कापायचे. मी हात पुढे केला.

तेवढ्यावर थांबायचं. नुसतं थांबायचं होतं. येत होते ना ते! पण मला कधी थांबता आलंय? चहा गाळला की हाक, ताट वाढलं की हाक.

"बद्रीनाथ, या ना लवकर!"

"ओ."

मागून. माझ्या मानेशी. लगेच.

इतक्यांदा ऐकून त्याने ते नावही उचललं होतं. बोटं थांबली. आत कोणीतरी श्वास रोखून ऐकत असावं तसं झालं. मग एकेक बोट कडेवरून सुटत गेलं.

"तुला नाही!" मी ओरडले. "तुला कोणी बोलावलं? बद्रीनाथ!"

"ओ."

"अरे, गप्प बस! त्यांना यायला वेळ लागतो. एकदा तरी त्यांना ओ देऊ दे. बद्रीनाथ!"

"ओ." अगदी विनयाने. प्रत्येक वेळी, माझा शब्द संपायच्या आधी.

मग मला कळलं. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. आता हाक नाही. आता मी थांबणार होते, जन्मात थांबले नव्हते तशी. दारापलीकडे पद्मजाबाई हात जोडून उभ्या होत्या. मागून श्वासाचा आवाज नव्हता. आतही बराच वेळ काही नव्हतं.

मग सपात घासली. जवळ. आणखी जवळ. ते येत होते. आपणहून, कोणी न बोलावता, त्यांच्या चालीने येत होते. अंधारात चाचपडणारा हात दगडावरून सरकत असल्याचं मला ऐकू आलं. त्यांना वाट दिसत नव्हती. मी कुठे आहे ते त्यांना कळत नव्हतं. म्हणून, ज्या माणसाने आयुष्यात मला शोधायला कधी हाक मारली नाही, कारण मीच आधी मारायचे, त्याने मला हाक मारली.

"ललिता?"

मी पदर ओढला. बोळा दातांत अडकला, आवाज यायला एवढासा वेळ लागला.

"ओ," मागून उत्तर आलं. एका हाकेत.

आवाज माझा होता.